रस्ता खोदलाय, गाडी कुठे लावू?

पार्लेकरीण · १२ एप्रिल २०२५, २३:५०

आत्ता घरात पाऊल टाकलं. पार्ल्यात पोचले होते सव्वादहाला. मधला सव्वा तास गाडी लावायला जागा शोधण्यात गेला. झोप उडालीच आहे, तर धागा काढते. विषय इथे आधी चघळून झाला असेल तर ॲडमिनने खुशाल उडवावा, पण आधी मला बोलू द्या.

आमची बिल्डिंग पार्ले पूर्वेला. तीन मजले, बारा बिऱ्हाडं. बाबा सांगतात, बांधली तेव्हा बाराजणांत मिळून एक स्कूटर होती. आता नऊ गाड्या आहेत आणि कंपाउंडमध्ये जागा तिघांची. पुनर्विकास झाला असता तर पार्किंग मिळालं असतं, पण आम्ही पडलो विमानतळाच्या फनेल झोनमध्ये. उंचीला मर्यादा, म्हणून वर मजले चढत नाहीत. मजले चढत नाहीत म्हणून बिल्डर फिरकत नाही.

म्हणजे उरलेल्या सहा गाड्या गल्लीत. आणि गल्लीत एक व्यवस्था होती हो. कुठे लिहिलेली नाही, रंगवलेली नाही. गुलमोहराखाली आम्ही, ट्रान्सफॉर्मरपाशी दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर, दूधकेंद्रासमोर कोणीच नाही कारण पहाटे टेम्पो येतो. पाहुणे आले तर वाकड्या चिंचोळ्या तोंडाशी, हँडब्रेक न लावता, गियर न्यूट्रलला ठेवून, म्हणजे ज्याला निघायचंय तो ढकलून निघेल. वर्षानुवर्षं चाललं होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सहाला वॉचमनने बेल दाबून धरली. "मॅडम, गाडी हटाव, खोदनेवाले आ गये." गाऊनवर ओढणी घेऊन खाली धावले. जेसीबी उभा, पत्रे उतरतायत, मुकादम घड्याळ बघतोय. पाच गाड्या निघाल्या. सहावीचे मालक गावी गेले होते. सात-आठ मजुरांनी ती गाडी हलवत-उचलत शेजारच्या गेटला चिकटवून ठेवली. अजून तिथेच आहे. तिच्यावर सिमेंटचा असा थर आहे की मूळचा रंग लाल होता हे मला माहीत आहे म्हणून.

तेव्हापासून रोज रात्री हीच परिक्रमा. आमच्या गल्लीतल्या पाच गाड्या बाजूच्या गल्लीत, तिथल्या चार पुढच्या गल्लीत, कारण मागचा रस्तापण अर्धा उघडलाय. जिथे तिथे दगड, फाटकी टायरं, तुळशीवृंदावन वाटावं एवढ्या कुंड्या ठेवून जागा धरलेल्या. दोन वेळा ई-चलान आलं. एकदा पुढच्या चाकाची हवा काढलेली सापडली. आणि काल एका बाल्कनीतून आजोबा म्हणाले, "तुमची गल्ली नाही ही."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण गेल्या दिवाळीत गुलमोहराखाली कोणीतरी परकी गाडी लावली होती, तेव्हा मी हेच वाक्य म्हटलं होतं. अगदी याच सुरात.

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आठवड्यातून तीनदा फिजिओला न्यायचं असतं. गाडी आहे अठरा मिनिटं चालत. मी जाऊन आणते, ते तोवर पत्र्याच्या टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात. रिक्षा आत येत नाही.

तुम्ही लोक काय करता? रात्री कुठे लावता? आणि हे कधी संपणार हे नक्की विचारायचं कोणाला?

---

खड्डेश्वर · १३ एप्रिल, ०७:१५

आमच्याकडच्या पाटीवर 'काम प्रगतिपथावर' असं लिहिलंय. पथ कुठे आहे ते लिहिलेलं नाही.

---

माहीमकर · १३ एप्रिल, ०९:४०

सहानुभूती. आम्ही गेल्या वर्षी यातून गेलो. तीन गोष्टी अनुभवाच्या सांगतो.

काचेच्या आतून मोबाइल नंबर लावा, मोठ्या अक्षरात. पोरं टवाळी करतील ही भीती सोडा. माझी गाडी दोनदा उचलली गेली नाही ती केवळ मजुरांनी फोन केला म्हणून.

गाडी एकाच जागी आठवडाभर राहणार असेल तर बॉनेट उघडून बघत जा. खोदकामाने बिळं उघडी पडतात आणि उंदीर इंजिनात बिऱ्हाड करतात. माझी वायर त्यांनी कुरतडली, मेकॅनिकने साडेचार हजार घेतले.

सिमेंटचे शिंतोडे नखाने, ब्लेडने खरवडू नका, रंग निघतो. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, फडकं भिजवून डागावर ठेवायचं, मऊ झालं की पुसायचं आणि लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. त्या लाल गाडीच्या मालकांना सांगा. जितके दिवस जातील तितकं कठीण.

---

चकली · १३ एप्रिल, १०:०५

हवा काढणारे लोक नरकात जातील, तिथेही पार्किंग नसेल.

---

बेस्टप्रवासी · १३ एप्रिल, १३:२०

राग मानू नका ताई, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी.

एक गाडी उभी राहते ती जागा साधारण १२० चौरस फूट. परळच्या चाळीत आमची खोली १० बाय १२ होती. त्यात पाच माणसं, एक माळा, एक मोरी. तेवढी जागा तुम्ही पार्ल्यात फुकट वापरत होतात, वर्षानुवर्षं, आणि आता ती गेली म्हणून धागा. तुमची ती सुंदर न लिहिलेली व्यवस्था चालणाऱ्या माणसाला कोणी विचारून केली होती का? फुटपाथवर स्कूटर, कडेला मोटारी, मधून बस. मी आईला घेऊन कुठून चालू?

आता खोदकाम आहे तर पत्रा आणि तुमच्या गाड्या यांच्या मधल्या दीड फुटातून आम्ही जातो. त्या गाड्या दुसऱ्या गल्लीतून आलेल्या आहेत हे आत्ता कळलं.

---

पार्लेकरीण · १३ एप्रिल, १४:१०

बेस्टप्रवासी, राग नाही. १२० फुटांचं लागलं. खोटं नाही ते.

पण बाबांना फिजिओला बसने न्या असं म्हणू नका. स्टॉपपर्यंत जायलाच गाडी लागेल अशी त्यांची अवस्था आहे.

---

बेस्टप्रवासी · १३ एप्रिल, १४:३२

नाही म्हणणार. बाबांना लवकर बरं वाटू दे.

---

गिरगावकर_जुना · १३ एप्रिल, २२:४५

आम्ही मेट्रो ३ च्या पत्र्यांशेजारी इतकी वर्षं काढली की धाकट्याला वाटायचं रस्ते असेच हिरवे-निळे पत्र्याचे असतात. माझा उपाय एका ओळीत: २०१८ साली गाडी विकली. पहिले सहा महिने हात तुटल्यासारखं वाटलं. नंतर लक्षात आलं, शनिवार-रविवार मी गाडी चालवत नव्हतो, जागा जाईल म्हणून घरात बसत होतो. गणपतीला कोकणात जायचं तर भाड्याने घेतो.

जागा जाईल म्हणून लग्नाला न गेलेली माणसं मी गिरगावात पाहिलीत.

---

मुलुंडची_वकीण · १४ एप्रिल, ११:००

+१. आमच्याकडे एक काका रविवारी गाडी धुतात, पुसतात, सुरू करतात, पाच मिनिटं चालू ठेवतात आणि बंद करून वर जातात. गाडी ११ वर्षांची, किलोमीटर १४ हजार.

कायद्याचं थोडं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७. सार्वजनिक जागी गाडी १० तास किंवा जास्त बेवारस सोडलेली असेल, किंवा पार्किंगला मनाई असलेल्या जागी असेल, तर गणवेशातला पोलीस अधिकारी ती उचलायला किंवा चाकाला जॅमर लावायला सांगू शकतो. म्हणजे आपण सगळे, रात्री नऊला लावून सकाळी आठला काढणारे, कायद्याच्या भाषेत रोजचे बेवारस आहोत. दंड कलम १७७ खाली, महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केलंत तर १,५००. दुसरं चलान बघा पार्लेकरीण, जास्तीचं आलं असेल.

रस्ता वाहनांना बंद करायचा तर कलम ११५. बंदी एका महिन्याहून जास्त असेल तर राजपत्रात अधिसूचना लागते. महिन्याच्या आतली असेल तर राजपत्र लागत नाही, पण स्थानिक पातळीवर शक्य तेवढी प्रसिद्धी द्यावी असं कायदाच म्हणतो. आता सकाळी सहाला वॉचमनने बेल दाबणं ही प्रसिद्धी झाली का, यावर मी आनंदाने वाद घालीन.

आणि 'आमची गल्ली' ही संकल्पना कुठल्याच कलमात नाही. दगड आणि कुंडी ठेवणं तर नाहीच नाही.

---

खड्डेश्वर · १४ एप्रिल, ११:२०

बेवारस! बायकोला दाखवतो हा प्रतिसाद.

---

निवांत_डोंबिवली · १४ एप्रिल, १९:५५

पार्किंगचा प्रश्न पडतो म्हणजे तुमच्याकडे रस्ता होता. आमच्याकडे

---

निवांत_डोंबिवली · १४ एप्रिल, १९:५७

अर्धवट गेला प्रतिसाद. लोकलमध्ये आहे. जाऊ दे.

---

काँक्रीटवाला · १६ एप्रिल, ००:३०

दोन दिवस हा धागा वाचून गप्प होतो. शिव्या खायची तयारी करत होतो. मी एका कंत्राटदाराकडे साइट इंजिनीयर आहे, पश्चिम उपनगरात. पार्ल्यात नाही, तेव्हा पार्लेकरीण यांनी पत्ता शोधू नये.

आधी आकार लक्षात घ्या. मुंबईत महापालिकेचे रस्ते सुमारे २,०५० किलोमीटर. त्यातले ७०१ किलोमीटर दोन टप्प्यांत काँक्रीटचे करायचे असा कार्यक्रम आहे. पहिल्या टप्प्याचं भूमिपूजन १९ जानेवारी २०२३ ला बीकेसीत पंतप्रधानांच्या हस्ते झालं. पावसाळ्यात नवं खोदकाम करता येत नाही, म्हणून काम ऑक्टोबर ते मे. यंदाची मुदत ३१ मे. त्यामुळे शहर एकदम उकरलेलं दिसतं. दिसतं म्हणजे आहेच.

आता तुमची गल्ली. वरचं डांबर किंवा पेव्हर ब्लॉक काढायला दोन-चार दिवस. मग अर्धा-पाऊण मीटर खाली जातो आणि खरा घोळ सुरू होतो. नकाशात पाण्याची लाइन डावीकडे, जमिनीत निघते उजवीकडे. तिच्यावरून विजेची केबल, केबलखालून गॅस, आणि मधे एक पाइप ज्याचा बाप कोणालाच माहीत नाही. प्रत्येकाचा मालक वेगळा. तो माणूस येऊन बघेपर्यंत मी खड्ड्याकडे बघत बसतो. तुम्ही बाल्कनीतून म्हणता काम बंद आहे. बंदच असतं.

ते सुटलं की पुढचं भराभर. खडीचा थर, त्यावर १५ सेंटिमीटर डीएलसी, म्हणजे कोरडं लीन काँक्रीट, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, मग वरचा पीक्यूसीचा, म्हणजे रस्त्याच्या मुख्य काँक्रीटचा, जाड थर. दुसऱ्या दिवसापर्यंत कटरने सांधे पाडावेच लागतात, नाहीतर काँक्रीट आपल्या मर्जीने तडकतं. मग गोणपाट आणि पाणी. एम-४० प्रतीच्या या काँक्रीटची ताकद २८ दिवसांची मोजतात. आठ-दहा दिवसांत वरून दगडासारखं दिसतं, तेव्हा कोणीतरी पत्रा सरकवतो आणि गाडी आत घालतो. आम्ही सकाळी येतो तर छान रांगेत तीन गाड्या. रस्ता कोवळा असताना खाल्लेला मार आयुष्यभर दिसतो.

आणि गाड्यांचं आमच्या बाजूने ऐका. मिक्सर प्लांटवरून निघाला की घड्याळ सुरू. दोन-तीन तासांत माल ओतायला हवा. एका मिक्सरमध्ये ६ घनमीटर. जड वाहनांना दिवसा काही तास बंदी, म्हणून ओतकाम रात्री. रात्री एकला मिक्सर गल्लीच्या तोंडाशी आणि वळणावर एक पांढरी सेडान. मालक कोण? कोणाला माहीत नाही. वॉचमन म्हणतो, इस बिल्डिंग का नहीं है. मी स्वतः एका रात्री चार बिल्डिंगांच्या बेल वाजवल्यात. एका काकूंनी पोलिसांना फोन केला, माझ्याविरुद्ध.

नोटीस का देत नाही? देतो. वॉचमनला सांगतो. वॉचमन सेक्रेटरीला सांगतो. सेक्रेटरी ग्रुपवर टाकतो. ग्रुपवर त्याच वेळी कोणाचा तरी वाढदिवस असतो.

---

चकली · १६ एप्रिल, ०८:१०

शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावणार आहे. आमच्या ग्रुपवर 'उद्या खोदकाम' याच्या खाली ४१ केक आहेत.

---

घाटकोपरची_वहिनी · १६ एप्रिल, १२:४०

काँक्रीटवाला, २८ दिवसांचं गणित पटलं, पण गेटचं काय? आमच्या सोसायटीच्या गेटसमोरच काँक्रीट टाकलं आणि आतल्या १९ गाड्या आतच. बाहेर असलेल्या बाहेर. माझे मिस्टर त्या रात्री पुण्याला गेले होते म्हणून आमची गाडी सुटली, तर शेजारचे आता रोज आमची गाडी मागतात. सासूबाई व्हीलचेअरवर. आम्ही दोन फळ्या टाकून त्यांना बाहेर काढतो, पालखी असते तशी, चौघं जण. परवा त्या म्हणाल्या, "अजून जिवंत आहे गं मी."

---

काँक्रीटवाला · १६ एप्रिल, १३:१५

वहिनी, हे चुकलंय. गेटसमोरची पट्टी दोन भागांत करता येते, अर्धी आधी, अर्धी नंतर. शक्य नसेल तर सात-आठ दिवसांनी इंजिनीयरच्या परवानगीने जाड लोखंडी प्लेट टाकून माणसं आणि व्हीलचेअर जाऊ देता येतात. गाड्यांना मात्र थांबा. साइटवर जो मुकादम आहे त्याला 'प्लेट' असं सांगा, 'पत्रा' म्हणालात तर तो भलतंच आणेल. तिथे माहितीफलक असायला हवा, त्यावर कामाची मुदत आणि संपर्क असतो. शिवाय महापालिकेचा रस्त्यांचा डॅशबोर्ड लोकांसाठी खुला आहे, त्यात रस्त्याचं नाव टाकून बघा.

---

घाटकोपरची_वहिनी · १७ एप्रिल, २१:००

प्लेट आली. सासूबाईंनी मुकादमाला चहा पाजला.

---

माहीमकर · १८ एप्रिल, १०:३०

आता सार्वजनिक वाहनतळांचं. २०१९ च्या जुलैत नियम आला होता, आठवतोय का? वाहनतळापासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावली तर मोटारीला दहा हजारांचा दंड. तेव्हा आठवडाभर रस्ते कसे लख्ख दिसत होते. मी मुद्दाम फिरायला गेलो होतो बघायला. खोदकामाच्या काळापुरती तरी अशा वाहनतळांत रात्रीची जागा रहिवाशांना स्वस्तात दिली तर? रात्री ते रिकामेच असतात. मॉलचं पण तेच. रात्री अकरा ते सकाळी आठ त्या तळघरात झुरळं फिरतात.

---

मुलुंडची_वकीण · १८ एप्रिल, १२:१५

शाळांची मैदानंसुद्धा. उन्हाळ्याची सुट्टी आणि खोदकामाचा मोसम एकच आहे, हे आमच्या सोसायटीच्या लक्षात आलं आणि आम्ही जवळच्या एका शाळेशी बोललो. दोन महिन्यांचे पैसे ठरवले, पावती घेतली, रात्री दहा ते सकाळी सात. अट एकच, ऑइल गळणारी गाडी नको. त्या अटीमुळे आमच्या चेअरमनचीच गाडी बाहेर राहिली.

---

पार्लेकरीण · २७ एप्रिल, २३:१०

जागेचा प्रश्न सुटलेला नाही, पण एक झालं. काँक्रीटवाल्यांचा 'मालक कोण' वाचून मी आमच्या आणि बाजूच्या दोन गल्ल्यांतल्या गाड्यांची यादी केली. नंबर, मजला, फोन. ग्रुपवर मागितली असती तर केक आले असते, म्हणून दारोदार गेले. तीन संध्याकाळी लागल्या. ४३ गाड्या निघाल्या. त्यातल्या पाचांचा मालक कोणालाच ठाऊक नाही. एकीच्या टपावर पिंपळ उगवलाय, खरंच.

बाल्कनीतल्या आजोबांकडेही गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. आजोबांनी चष्मा लावून यादी वाचली आणि त्यात दोन नंबर दुरुस्त केले. त्यांच्याकडे आमच्या गल्लीतल्या गाड्यांची वही आहे! कोण कुठे लावतो, किती वाजता. २०१६ पासून. मी मागितली नाही, त्यांनी दिली नाही, पण दाखवली. मी त्यात 'पांढरी, गुलमोहर, उशिरा येते' अशी आहे.

यादीची प्रत मुकादमाला दिली. त्याने घडी घालून खिशात ठेवली, मला वाटलं गेली. काल रात्री नऊला फोन: "ताई, उद्या रात्री ट्रान्सफॉर्मरवाली साइड घेतोय. चार गाड्या काढायच्यात." चारही निघाल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आम्हाला आदल्या दिवशी काहीतरी कळलं.

---

खड्डेश्वर · २७ एप्रिल, २३:२५

त्या वहीचं पुस्तक निघालं पाहिजे.

---

बेस्टप्रवासी · २८ एप्रिल, ०८:५०

पिंपळवाली गाडी आधी काढा. तिच्या जागेत आमच्यासारखे चालतील.

---

चकली · २४ मे, १६:३०

धागा वर काढते. परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणतायत की मुंबईत पार्किंगच्या जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको. काय वाटतं?

---

बेस्टप्रवासी · २४ मे, १७:०५

कधीच व्हायला हवं होतं. जपानात १९६२ पासून असा कायदा आहे.

---

माहीमकर · २४ मे, १७:४०

जपानात दाखला देणारा पोलीस येऊन जागा मोजतो. इथे एकाच स्टिल्टखालच्या, म्हणजे खांबांवर उभ्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, एका चौकोनावर सहा दाखले निघतील. शिवाय ज्यांच्या इमारतीत जागाच नाही आणि फनेल झोनमुळे होणारही नाही, त्यांनी कायमचं काय करायचं? नव्या टॉवरवाल्याने चौथी गाडी घ्यायची आणि पार्लेकरीणने पहिलीपण नाही?

---

मुलुंडची_वकीण · २४ मे, १९:२०

स्टिल्टचं निघालंच आहे तर, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही. ती सोसायटीची सामाईक जागा. किती लोकांनी 'पार्किंग विकत घेतलंय' असं सांगून दाखले मागायला यावं याची मी वाट बघतेय.

---

घाटकोपरची_वहिनी · २६ मे, १४:००

कोणाची गाडी खड्ड्याशेजारी आहे? आत्ताच्या आत्ता काढा. आमच्याकडे खोदलेल्या चराची नदी झालीय आणि कडेची माती सुटतेय.

---

काँक्रीटवाला · २६ मे, २३:४५

पाऊस ११ जूनला यायचा, आज २६ मेला आला. ३१ मेच्या मुदतीला पाच दिवस होते. मी सकाळपासून मातीत आहे, बूट फेकून दिलेत. जे अर्धे राहिलेत ते खडी दाबून तात्पुरते बंद करतोय.

गाडी पाण्यात बुडली असेल तर सुरू करायचा प्रयत्न करू नका. पाणी इंजिनात खेचलं जातं आणि तो खर्च साध्या विम्यात बहुतेक वेळा बसत नाही, इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. ढकला किंवा उचलून न्या.

---

खड्डेश्वर · २७ मे, ०९:३०

आज पाटी वाहून गेली. प्रगती झाली म्हणायची.

---

पार्लेकरीण · १४ जून, १३:४०

ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी. आमची गल्ली एका बाजूने पूर्ण झाली, पत्रे गेले. दुसरी बाजू आता ऑक्टोबरात. झालेली बाजू छान आहे, हे मान्य करायलाच हवं. पहिल्या मोठ्या पावसात पाणी साचलं नाही. दोन सांध्यांच्या मधे कोणाच्या तरी कुत्र्याची पावलं आहेत, काँक्रीटवाल्यांनी हळहळू नये.

गुलमोहराभोवती मुळांसाठी चौकोन सोडून कठडा केलाय. झाडासाठी बरंच झालं. पण कठडा आणि गेट यांच्यामधे आता माझी गाडी मावत नाही. एक फूट कमी पडतो. मी टेपने मोजलं, मग डॉक्टरांनी मोजलं, मग वॉचमनने. म्हणजे तीन महिने ज्या जागेसाठी रडले ती जागाच राहिली नाही.

डॉक्टर आणि मी ट्रान्सफॉर्मरपाशी एकाआड एक दिवस लावतोय. त्यांचा दवाखाना असतो त्या रात्री ते, बाबांचा फिजिओ असतो त्याच्या आदल्या रात्री मी. बुधवारी दोन्ही येतं. बुधवारी भांडतो.

लाल गाडीचे मालक गावाहून आले. त्यांनी काही न बोलता गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि वर गेले.

आजोबांचा फोन आला होता. ऑक्टोबरात त्यांची गल्ली घेणार आहेत असं त्यांना कुठूनसं कळलंय. विचारत होते, आमच्या इकडे रात्री किती वाजता जागा होते.

---

बेस्टप्रवासी · १४ जून, १५:१०

काय सांगितलंत?

---

पार्लेकरीण · १४ जून, १५:२५

म्हटलं, वहीत बघा की.

मग सांगितलं. साडेदहानंतर, दूधकेंद्र सोडून.

---

लालगाडी · १४ जून, २१:५०

नमस्कार, नवीन सदस्य. शेजारच्यांनी धागा पाठवला. माहीमकर, ते व्हिनेगर पांढरं की सफरचंदाचं?

---

माहीमकर · १४ जून, २२:०५

पांढरं. आधी डिकीच्या कोपऱ्यात थोड्या जागेवर करून बघा. आणि तीन महिन्यांचा थर आहे, तर एका दिवसात होणार नाही. रविवार राखून ठेवा.